शिक्क्याच्या शाईची डबी

सप्तापूर, धारवाड
रथसप्तमीचा दुसरा दिवस

ती. कुसुमावती अक्कास,

धाकट्या मुकुंदाचा साष्टांग नमस्कार. आम्ही दोघं इथं ठीक आहोत (शकुंतला जास्त, मी कमी). तुझे गुडघे कसे आहेत? उत्तराच्या अपार्टमेंटची लिफ्ट सुरू झाली का, की तुझे जावई अजून सोसायटीला अर्जच लिहितायत? तुमच्या विद्यानगरात फोन लागत असताना पत्र कशाला, असं तुला वाटेल. आमच्या घरी फोनवर बोलतो मी आणि ऐकते शकुंतला, म्हणून.

माझा नाद तुला ठाऊक आहे. रिटायर झाल्यावर लोक गुलाब लावतात. मी जुन्या चिनी पंडितांच्या मेजावरची चिनी मातीची भांडी जमवतो. कुंचला धुवायची वाटी, कुंचला टेकवायला पाच शिखरांचा डोंगर, शाईत थेंब थेंब पाणी सोडणारा बेडूक. (मी स्वतः बॉलपेननं लिहितो, पण तो मुद्दा वेगळा.) या नादाला घरात मान नाही. वाटीत एकदा विरजण लागलं, डोंगरावर उदबत्त्या टेकल्या आणि बेडूक दोन दिवस तिळाच्या तेलासाठी स्वयंपाकघरात होता. दिवाळीनंतर दुर्गदबैल बाजाराच्या मागच्या बोळात, जुनं सामान विकणाऱ्या विठ्ठलरावांकडे, मला एक डबी दिसली. मुठीत मावेल एवढी, गोल, फिकट हिरव्या झिलईची, तळाशी तांबडा वाळलेला थर. शिक्का उठवायची तांबडी शाई हे पंडित तिच्यात ठेवत. "सर, इदु भाळ हळेदु री," विठ्ठलराव म्हणाले, म्हणजे फार जुनी आहे, आणि किंमतही वयाला शोभेल अशी सांगितली. ती मी मुकाट्यानं दिली. घरी मात्र शाईच्या बाटलीवर फुकट मिळाली म्हणून सांगितलं. बत्तीस वर्षं पोरांना इतिहास शिकवलेल्या माणसानं असं खोटं बोलू नये, पण त्या बत्तीस वर्षांत मला शकुंतलाचाही अनुभव आलेला आहे.

पुढं संक्रांतीचं हळदीकुंकू आलं. पुरुषमाणूस पायात घोटाळायला नको म्हणून चार वाजता मला घराबाहेर काढलं. परत येऊन बघतो तर मेजावर डबीच्या जागी धुळीत उमटलेला गोल. विचारलं तर शकुंतला म्हणाली, वाण म्हणून लुटली, फुकटची तर होती. कुणाला दिली, हे विचारायची सोय नव्हती, कारण फुकटच्या डबीपायी जीव एवढा खालीवर का होतोय, तेही सांगावं लागलं असतं. मी आपला अंदाज बांधला की वाणाच्या स्टीलच्या वाट्या कमी पडल्या असणार, आणि शेवटच्या बाईला माझी डबी गेली असणार. मग तिळगूळ द्यायच्या निमित्तानं आठवडाभर घरं पालथी घातली. नऊ घरं, नऊ चहा, आणि दर घरी ओट्यावर तीच नवी स्टीलची वाटी. शालिनीबाईंच्या देवघरात मी इतका वेळ डोकावलो की त्यांनी माझ्याकडून आरती करून घेतली. त्यांच्या शेजारचे गुरुप्रसाद तर सरळ म्हणाले, "एन री सर, इलेक्शनक्क निंतीरेन?" निवडणुकीला उभा राहिलो असतो तर मतं तरी मिळाली असती; डबी काही मिळाली नाही. आता चहानं पित्त झालंय आणि मेजाकडं बघवत नाही. खरंच सांगतो अक्का, एवढी सुंदर वस्तू माझ्या हाताला आयुष्यात पहिल्यांदाच लागली होती.

बाकी सर्व क्षेम. उत्तराला आशीर्वाद.

तुझा,
मुकुंद

ता. क. त्या दिवशी तूही आली होतीस, हे मला कालच कळलं. म्हणजे यादीत आता तूच उरलीस. तेव्हा पत्राचं खरं कारण असं, की डबी गुपचूप परत दे. दिलेलं वाण मागू नये हे मला कळतं, पण बदल्यात चांदीचा करंडा घेऊन येतो. शकुंतलाला यातलं काही कळू देऊ नकोस.

आणखी ता. क. पत्र मेजावर ठेवून दूध आणायला गेलो, तेवढ्यात शकुंतलानं ते वाचलं. ती रागावली नाही, म्हणून मी जास्तच घाबरलो. बॉलपेनवाल्याला शाईची बाटली कशाला, हे तिला पहिल्याच दिवशी कळलं होतं म्हणे. आणि स्टीलच्या वाट्या कमी पडल्या नव्हत्या. अजून सहा शिल्लक आहेत. भावोजी गेल्यापासून अकरा वर्षं तुला कुणी हळदीकुंकवाला बोलावलं नाही. आमच्या घरूनही नाही, आणि माझ्या ते ध्यानातही आलं नाही, याची मला आज फार लाज वाटली. यंदा तिनं हट्टानं तुला आणलं, तर तू दाराजवळच्या खुर्चीत बसून राहिलीस, आणि ती कुंकू लावायला आली तेव्हा पदर कपाळावर ओढलास. मग ती आत गेली, घरातली सगळ्यात देखणी वस्तू शोधली, तळाची जुनी शाई घासून काढली (यावर मी काही बोलणार नाही) आणि कुंकवानं भरून तुझ्या हातात दिली. आता आंघोळ झाली की तू रोज त्यातलंच कुंकू लावतेस, असं उत्तरा तिला सांगत होती.

तेव्हा पहिला ता. क. तू वाचलाच नाहीस असं समज. खोडणार होतो, पण शकुंतला म्हणाली राहू दे, अक्कांना तेवढंच हसू येईल. त्या डबीला झाकण आहे. भिंगाखाली बघायला म्हणून मी ते वेगळं काढून कपाटात ठेवलं होतं, आणि झाकण माझ्याकडे आहे तोवर डबी माझीच, असंही मनात आलं होतं. ते कापसात गुंडाळून या पत्राबरोबर पाठवतोय. एकाच बाजूनं बसतं. हलक्या हातानं फिरवून बघ.