काउंटरपलीकडचा शत्रू

३ जून
आजपासून वाद बंद. फक्त विनोद. शिव्या दिल्या की माणूस चिडतो, हसं झालं की संपतो. दादा संपणार! निवडणुकीपासून आम्ही बोलत नाही. चष्म्याचं दुकान एकच. तो डोळे तपासतो, मी फ्रेम बसवतो. नंबराची चिठ्ठी गिऱ्हाइकाच्या हाती येते. बाकी भांडण फेसबुकवर.

५ जून
दादाच्या लाडक्या साहेबांवर पहिला वार. पोस्ट : ‘साहेबांनी आमच्या दारातला रस्ता खोदला. लोकांनी जपून चालावं, एवढीच त्यामागची माया.’
बायको म्हणाली, छान लिहिलंय, पण तुम्ही पक्ष कधी बदललात? तिची विनोदबुद्धी बेताची.

६ जून
दादाने लाइक केलं. का? काहीतरी शिजतंय. दिवसभर गिऱ्हाइकांच्या आरशातून त्याच्यावर नजर ठेवली. दोनदा हसला. एकटाच.

७ जून, दुपार
दादा टेप घेऊन दोन काउंटरांच्या मधोमध मागची भिंत मोजत होता. मी पाहताच टेप खिशात. पार्टिशन घालणार! बाबांनी एका टेबलावर सुरू केलेलं दुकान तोडणार. बायको म्हणाली, भावजींना सरळ विचारा की. शत्रूला कोणी विचारतं का? जेवण गेलं नाही.

९ जून
धार वाढवली. ‘असे साहेब लाभायला पुण्य लागतं. आमचं फारच साचलं असावं.’ साहेबांच्या माणसांनी धडाधड शेअर केलं. टाळ्याच टाळ्या. म्हणजे चांगलंच झोंबलंय.

१० जून
आमच्याच बाजूच्या ग्रुपमधून मला काढलं. कारण : फितूर. अ‍ॅडमिन म्हणजे शेजारचा शिंपी. जाऊन समजावलं, अरे, हा उपरोध आहे. तो म्हणाला, मग खाली तसं लिहायचं. तसं लिहिलं तर उपरोध कसला? शिंपी फुटून त्यांना मिळालाय. आधीपासूनच संशय होता.

१२ जून
समोर बॅनर. माझं वाक्य, हात जोडलेले साहेब आणि कोपऱ्यात मी, लग्नातल्या सुटात. फोटो दिला कोणी? बायको की दादा? दोघांवरही लक्ष ठेवायचं.

१३ जून, सकाळ
खिळे ठोकल्याचा आवाज. धावत गेलो. पार्टिशन नव्हतं. माझी पोस्ट! दादाने छान चौकट करून भिंतीवर लावली होती. टेप त्यासाठी. म्हणाला, आज बाबा हवे होते. मग विचारलं, चहा सांगू का. निवडणुकीनंतरचं पहिलं बोलणं.
खरं सांगायला तोंड उघडलं आणि म्हणालो, साखर कमी. डोळ्यांत पाणी आलं, ते खोदकामाच्या धुळीने. पण बरं वाटलं. फार बरं वाटलं.
उद्या सगळं सांगून टाकायचं.

१४ जून
गिऱ्हाइकं होती.

१६ जून
साहेबांच्या वाढदिवसाला चार ओळी हव्यात, असं दादा म्हणाला. त्याच्या काउंटरवर बसूनच लिहिल्या. आत एक जबरदस्त टोमणा पेरायचा, असं ठरवलं होतं. दादाने मोठ्याने वाचल्या आणि माझ्या पाठीवर हात ठेवला.
घरी येऊन परत वाचल्या. टोमणा मलाच सापडेना.
जवळचा नंबर वाढला असणार. उद्या दादाकडून डोळे तपासून घेतो.