दोन डाव्या बाह्या

१४ मार्च, दुकानातून

प्रिय ठोंब्या,

अनेक आशीर्वाद. इकडे सगळे ठणठणीत. सूनबाईने शिलाईयंत्राला नवा पट्टा बसवलाय, आता ते कुरकुरत नाही.

बातमी आधी सांगते, धीर निघत नाहीये. काल बँडमास्तर नवा कोट घालून आरशासमोर उभे राहिले, वादकांना इशारा करतात तसे दोन्ही हात वर केले, आणि बाही कुठेही ओढली गेली नाही! चौकड्यांचं कापड होतं. खिशाची रेघ कोटाच्या रेघेला अशी मिळाली की मास्तर खिसा चाचपून शोधत होते. कापलं कोणी? मी. एकटीने. दिवसभर माझे पाय जमिनीवर नव्हते.

आता तुझं. हृदयाचा व्हॉल्व्ह बदलायचाय, जिना चढताना धापा टाकतोस, आणि "माझं ताईसारखं व्हायला नको" म्हणून ऑपरेशनला नकार देतोस, असं तुझी बायको फोनवर सांगत होती. ताईसारखं म्हणजे कसं रे?

खरंय, खुब्याच्या ऑपरेशननंतर माझं डोकं ठिकाणावर नव्हतं. घरी आल्यावर मास्तरांच्याच आधीच्या कोटाच्या दोन्ही बाह्या डाव्या हाताच्या कापल्या. कापड दुहेरी घातलं नाही, नमुना उलटवला नाही, तसाच दोनदा ठेवला. सूनबाईने कात्री उचलून कपाटावर ठेवली. मला वाटलं, संपलं.

पण डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आजी, हा म्हातारचळ नाही." शरीराला कापलं की ते जखम भरायला धावतं, सूज येते. त्या सुजेची रसायनं रक्तातून मेंदूपर्यंत जातात. आपल्या वयात मेंदूच्या वेशीवरचा पहारा ढिला असतो. मग आतल्या राखणदार पेशीही चवताळतात आणि आठवणींचं काम करणाऱ्या पेशींना काही सुचू देत नाहीत. त्यात झोपेचं खोबरं झालेलं. सूज ओसरली, तशी मी हळूहळू परत आले. सगळेच पूर्ण परत येतात असं नाही, हेही त्यांनी सांगितलं. म्हणून तुझ्या डॉक्टरांना आधीच सगळं विचार. चष्मा आणि कानाचं यंत्र हाताशी ठेव, आणि ते ऊठ म्हणतील तेव्हा कुरकुर न करता चालायला लाग.

इतका वेळ टाळलं ते लिहितेच. दवाखान्यात मी तुला ओळखलं नाही. "हा माणूस कोण, बाहेर काढा याला," म्हणून ओरडले. तू व्हरांड्यात जाऊन रडलास. तुला कापाकापीची भीती नाहीच मुळी. आपल्या नातीला आपण असंच काही बोलू, याची आहे.

बोललास तर बोललास! तू नाही का दुसऱ्या दिवशी पुन्हा आलास? तुझं नाव मला आठवत नव्हतं, पण तुझा हात सोडवत नव्हता. तेवढं मला लख्ख आठवतंय.

डॉक्टरांना आजच हो म्हण. तुझ्या उशाशी मी बसणार आहे, आणि तू कितीही हाकललंस तरी हलणार नाही.

तुझी,
पूर्ण शुद्धीवर असलेली
ताई