स्थळं पुसली गेली तो सोमवार

सर, काल ठाण्यातल्या एका कॉलेजात तुमच्या लाडक्या विद्यार्थिनीचं भाषण ऐकलं. वागळे इस्टेटमधल्या त्या दोन खोल्यांच्या ऑफिसात वेबसाइट बनवणारे आपण तिघंच होतो, आणि तिघांत लाडकं कोण हे कळायला फार हुशारी लागत नव्हती. मी तिच्या आधी दोन वर्षं तुमच्याकडे आलेलो. ती कोळीवाड्यातली, कॉमर्स शिकलेली, आणि पहिल्याच आठवड्यात तुम्ही तिला खुर्ची ओढून शेजारी बसवलंत. तिच्या डब्यातलं सुकट तुम्ही मागून खायचात. माझ्या आईच्या भरल्या वांग्यांना मात्र 'छान' म्हणून पुन्हा कीबोर्डकडे वळायचात. माझ्या पोटात दुखायचं. तुम्हाला जाऊन बारा वर्षं झाली, तरी अजून दुखतं.

काल तिने त्या सोमवारची गोष्ट सांगितली. डोंबिवलीच्या वधूवर सूचक मंडळाची साइट आठवते ना? मंडळाच्या काकू दर आठवड्याला पासवर्ड विसरायच्या. शेवटी त्यांनी फर्मानच काढलं, "मला ते कुलूपबिलूप नको, पान सरळ उघडलं पाहिजे." तुम्ही नाइलाजाने पासवर्ड काढलात. त्या पानाचा पत्ता आपल्याशिवाय कुणाला ठाऊक नाही, एवढाच भरवसा होता. स्थळांची यादी तिने केली, आणि प्रत्येक नावापुढे 'काढून टाका' अशी साधी लिंक दिली. लग्न जमलं की काकूंनी त्या लिंकवर क्लिक करायचं. पुढे काकूंना पत्ताही लक्षात राहीना, म्हणून त्यांच्याच हट्टापायी तिने साइटच्या पहिल्या पानावर या यादीची लिंक दिली. त्या शनिवार-रविवारी सर्च इंजिनचा, साइटी वाचत फिरणारा प्रोग्राम तिथे पोचला. दिसेल ती लिंक उघडून बघायची एवढंच त्या बिचाऱ्याचं काम. त्याने पहिलं 'काढून टाका' उघडलं, मग दुसरं, मग तिसरं. सोमवारी सकाळी फोनवर काकू अक्षरशः किंचाळल्या, "अहो, माझी सगळी स्थळं गेली! एक मुलगी राहिली नाही की मुलगा!"

मग तुम्ही तिला जे बोललात, ते माझ्या कानात तसंच आहे. मी तुमच्याकडे पाठ करून बसलोय, स्क्रीनवर काहीतरी करतोय असं दाखवतो आहे, आणि तुमचा आवाज चढलेला आहे. "लिंक कशासाठी असते?" "उघडायला, सर." "उघडायला म्हणजे फक्त बघायला! अगं, कांदेपोह्यांना दहा जण येऊन गेले म्हणून मुलीचं काही बदलतं का? बघितलं, गेले. सर्व्हरला नुसतं 'दाखव' म्हणायचं, हे गेट. पण अक्षता पडल्या की लग्न लागलं, मग 'आम्ही नुसते बघायला आलो होतो' असं म्हणून चालत नाही. सर्व्हरला 'बदल' म्हणायचं, हे पोस्ट. जिथे काही बदलणार असेल, काही पुसलं जाणार असेल, तिथे फॉर्म आणि बटण. तो प्रोग्राम बटणं दाबत नाही फिरत." ती डोळे पुसत लिहून घेताना मला स्क्रीनच्या काचेत दिसत होती. जरा वेळाने तिने विचारलं, "मग स्थळ शोधायची चौकट?" तुम्ही एकदम मवाळ झालात. "शोधणं म्हणजे बघणंच. गेट." "आणि 'पसंती कळवा'?" "तूच सांग." "पोस्ट," ती म्हणाली, आणि तुम्ही हसलात.

सर, मला त्या बोलणी खाण्याचाही हेवा वाटला. माझं काही चुकलं की तुम्ही गुपचूप दुरुस्त करून टाकायचात, मला कळायचंही नाही. माझ्यावर ओरडावं असं तुम्हाला कधीच का वाटलं नाही? पुढचे तीन दिवस तुम्ही दोघं काकूंच्या घरी कागदी अर्जांवरून सगळी स्थळं पुन्हा भरत बसलात. तिथे शिरा झाला, गप्पा झाल्या, हे मला नंतर तिच्याकडून कळलं. मी ऑफिसात फोन उचलत होतो. तुम्ही एकदा तरी माझ्याकडे तिच्याकडे बघता तसं बघावं, एवढंच मला हवं होतं.

काल ती गोष्ट तिने स्वतःची चूक म्हणून सांगितली. पोरं खोखो हसली. तुमचं नाव तिने दोनदा घेतलं, आणि मी खाली मान घालून बसलो. नंतर तिने मला जिन्यात गाठलं. "अरे, तू स्टेजवर का नाही आलास? सरांचा पहिला विद्यार्थी तू, मी कोण?" ती हे मनापासून म्हणाली. तिच्या चांगुलपणाचा मला आणखीच राग आला.

आता तुम्हाला न सांगितलेलं सांगतो. त्या सोमवारच्या आधीच्या शुक्रवारी, पहिल्या पानावरची लिंक जोडून झाल्यावर, तिने मला ते यादीचं पान दाखवलं होतं. "जरा बघशील का? सरांना दाखवायच्या आधी?" मी बघितलं. पहिल्याच ओळीतली ती लिंक मला खटकली. काय होऊ शकतं हेही कळलं. एवढं मी तोवर वाचलं होतं. मी म्हणालो, "मस्त झालंय," आणि तुमची वाट न बघता तिने ते लगेच साइटवर चढवलं. मला वाटलं, दोनचार स्थळं चुकून पुसली जातील, तुम्ही तिच्यावर चिडाल, आणि काही दिवस तरी शेजारची खुर्ची रिकामी होईल. मला दाखवलं होतं हे तिने तुम्हाला कधीच सांगितलं नाही. माझ्याही लक्षात आलं नसेल असंच तिला वाटलं असणार.

सोमवारी संध्याकाळी निघताना तुम्ही दारात थांबून, माझ्याकडे बोट करून तिला म्हणालात, "याला आधी दाखवलं असतंस तर ही वेळ आली नसती. याच्या नजरेतून सुटलं नसतं." ती समोरच उभी होती. तिने नुसती पिशवी खांद्याला लावली. मी कॉम्प्युटर बंद करायला वळलो.

तिला हे पत्र वाचून दाखवावं असं काल घरी येताना वाटलं, पण दाखवणार नाही. आणि तुमच्यापर्यंत तर ते पोचायचंच नाही. तुम्ही माझं केलेलं ते एकच कौतुक, सर. नजरेतून सुटलं नव्हतंच. आणि खरं सांगायचं तर, हे कबूल केलं की ते कौतुक माझं उरणार नाही; ते वाक्य तिच्यासाठीसुद्धा सोडायला मी अजून तयार नाही.