बादलीभोवतीचा ओला टॉवेल

अण्णा, आज दुपारी बिअरच्या सामानाच्या दुकानात तासभर उभा राहिलो आणि काही न घेता परत आलो. घरी बिअर करणाऱ्याला आठ-नऊ वर्षांनी सामान सुधारावंसं वाटतं, आणि संसारी माणसाला त्यातली एकच वस्तू परवडते. स्टीलचं मोठं पातेलं, नाहीतर धान्याचा उकळलेला रस झटकन गार करणारी तांब्याची वेटोळी नळी, नाहीतर रस आंबवायची बादली थंड ठेवायला कोणीतरी विकायला काढलेला जुना फ्रिज. दुकानदार भला माणूस आहे. त्याने विचारलं, "उन्हाळ्यात तुझा माल बिघडतो का?" नाही म्हटलं, मी बादलीला ओला टॉवेल गुंडाळतो आणि समोर टेबलफॅन लावतो. "मग फ्रिजवर पैसे घालू नकोस. हे कुठे वाचलंस?" वडिलांनी शिकवलं, मी म्हणालो. "अच्छा, म्हणजे तेही बिअर करायचे." याचं खरं उत्तर दिलं असतं तर त्याला बसायला खुर्ची द्यावी लागली असती.

तुम्ही एक्याऐंशीच्या उन्हाळ्यात इकडे अमेरिकेत, शॉमबर्गला आलात तेव्हा मी तळघराला कुलूप लावून ठेवलं होतं. दारूबंदी खात्यातून निवृत्त झालेल्या बापाला मुलाचा हा छंद कसा दाखवणार? चौथ्या दिवशी तुम्ही चहाचा कप खाली ठेवलात आणि म्हणालात, "खाली काहीतरी आंबतंय." हिने प्रसंगावधान राखलं. "इडलीचं पीठ आहे, अण्णा." तुम्ही तिच्याकडे मायेने पाहिलंत. "सूनबाई, तीस वर्षं मी याच वासाचा पगार घेतला."

मग तुम्ही पुढे, मी मागे, असे आपण जिना उतरलो. शाळेचं प्रगतिपुस्तक दाखवायला यायचो, तसाच. तुमचा पहिला प्रश्न होता, "परवाना?" लागत नाही, दोन-तीन वर्षांपूर्वी इथला कायदाच बदलला, मी सांगितलं. "मग तपासतं कोण?" कोणीच नाही. तुम्ही बादलीभोवती एक फेरी मारलीत. आपण ज्याच्यासाठी चिखल तुडवला ते एका देशाने कागदावर सही करून सोडून दिलंय, हे पचवायला वेळ लागत असणार. मग खोका ओढून बसलात आणि म्हणालात, "मग मी तपासतो."

मी नुकतीच पहिली सुधारणा केली होती. हार्डवेअरच्या दुकानातून पत्र्याचा मोठा टब आणला होता, दुप्पट माल मावणारा आणि स्टीलच्या पातेल्यापेक्षा कितीतरी स्वस्त. माझ्या हिशेबीपणाचं मला कौतुक होतं. तुम्ही त्याच्या कडेवर नख ओढलंत. "जस्ताचा मुलामा आहे. आंबट रसात उतरतो. टाक हा." नवा आहे अण्णा, मी म्हणालो. "नवा आहे म्हणूनच टाकवत नाहीये तुला. भांडं लहान असू दे. पोटात जाणारी वस्तू यात शिजवायची नाही." आणि मग तुम्ही एका वस्तीतली सकाळ सांगितलीत. कसल्या तरी डब्यांत केलेली हातभट्टीची दारू, ती पिऊन रात्रीतून गेलेली माणसं, आणि एक जण वाचलेला, पण डोळे गेलेला. मी वॉशिंग मशीनला टेकून उभा होतो.

टब मी टाकला. दुसऱ्या दिवसापासून तुम्ही टॉवेल सुरू केलात. माठाला ओलं फडकं गुंडाळतात तसा बादलीला टॉवेल, समोर पंखा. मी ऑफिसला निघताना तुम्ही तांब्या घेऊन तळघरात उतरताना दिसायचात. आयुष्यात थेंब न घेतलेला माणूस मुलाच्या बिअरचं उकाड्यापासून रक्षण करतोय. त्या खेपेची बिअर माझ्या हातून झालेली सगळ्यात चांगली बिअर. तुम्ही तिचा वाससुद्धा लांबूनच घेतलात आणि म्हणालात, "स्वच्छ आहे."

सप्टेंबरात इथल्या महाराष्ट्र मंडळाचा गणपती होता. शाळेच्या हॉलमध्ये मी माझा लेख वाचला. मंडळाचा अधिकृत तिरकस माणूस मीच, त्यामुळे लोक मी माइक हातात घेतल्यापासूनच हसायला तयार असतात. दारूबंदीचा इन्स्पेक्टर मुलाच्या भट्टीवर धाड घालतो, परवाना मागतो आणि शेवटी रोज सकाळी बादलीला अभिषेक करू लागतो. अभिषेकाला हॉल हशाने कोसळला. तुम्ही पहिल्या रांगेत, इस्त्रीच्या शर्टात, हात मांडीवर ठेवून बसला होतात. नंतर एक काकू तुम्हाला म्हणाल्या, "काय हो काका, तुमच्या मुलाने तुम्हाला पार फेमस करून टाकलं." तुम्ही म्हणालात, "हो, तो लहानपणापासून निरीक्षण करतो."

परतताना गाडीत तुम्ही बराच वेळ रस्त्याकडे पाहत होतात. मग विचारलंत, "तो आंधळा झालेला माणूस का गाळलास?"

"त्यावर कोणी हसलं नसतं, अण्णा."

"म्हणून तर विचारलं."

ऑक्टोबरात परत गेलात, आणि पुढच्या हिवाळ्यात मी विमानातून उतरेपर्यंत तुमचे अंत्यसंस्कारही उरकले होते.

आता मंडळाला वर्धापनदिनासाठी तोच लेख पुन्हा हवा आहे. "अभिषेकवाला," असं फोनवर सांगितलं. मी हो म्हणालो, आणि मनाशी ठरवलं की या वेळी तो माणूस लेखात येईल, कोणी हसो न हसो. दोन आठवडे रोज बसतोय. एक ओळ होत नाही. लिहिणाऱ्याचं लिहिणं अडलं की तो पातेली बघायला जातो, म्हणून आजचं दुकान.

हे पत्र वहीतच राहणार आहे, तेव्हा सांगतो. मी तो माणूस गाळला नव्हता, अण्णा. गाळायला तो माझ्याकडे असायला हवा होता. तळघरात तुम्ही त्याच्याबद्दल खूप वेळ बोलत होतात. तो काय म्हणाला, तुम्ही त्याला कुठे नेलंत, त्याचं पुढे काय झालं, सगळं सांगितलं असणार. मी तेव्हा खिशातल्या कागदावर तुमचं आधीचं एक वाक्य उतरवून घेत होतो, कारण ते विनोदी होतं. गाडीत तुम्ही विचारलंत तेव्हा मला न ऐकणारा मुलगा ठरण्यापेक्षा निष्ठुर लेखक ठरणं बरं वाटलं.