बाटली विरघळेपर्यंत

मंगळवार, १२ नोव्हेंबर

प्रिय ताई,

नमस्कार. तुझं पत्र शनिवारी मिळालं. आईचा गुडघा आता बरा आहे. जिना एकटी चढते, आणि मी हात पुढे केला की माझ्यावरच खेकसते. बाल्कनीतल्या कुंड्यांचं विचारलंस, तर दोन रोपं मेली, बाकीची तग धरून आहेत. मला सर्दी झाली आहे. बाकी ठीक.

तू लिहितेस, "तुझे भावोजी किती मोठ्या मनाचे आहेत ते सगळ्या सभागृहानं पाहिलं. आता तरी राग सोड आणि रविवारी जेवायला ये." मला रविवारी जमणार नाही. त्याच्या पुढच्या रविवारीही नाही. पण पत्राच्या शेवटी, कोपऱ्यात, बारीक अक्षरात तू जे विचारलं आहेस की त्या दिवशी दवाखान्यात, काचेच्या आत, मी त्यांच्याशी काय बोलले, त्याचं उत्तर मात्र देणार आहे. शनिवारपासून टाळत होते. आज बसलेच.

आधी सभागृहाचं. भावोजी काठी टेकत व्यासपीठावर चढले. उजवी पापणी अजून अर्धी मिटलेली, आवाज नाकातून येणारा. म्हणाले, "ज्या अँटिबॉडीनं माझा जीव वाचवला ती मी शोधलेली नाही. ती माझ्या मेहुणीच्या रक्तातून आली आणि शोधलीही तिनंच. इतकी वर्षं मी ती माझी म्हणून सांगत आलो." टाळ्या काही थांबेनात. माझ्यासाठी नव्हेत हं, त्यांच्यासाठी. माझ्या शेजारची बाई डोळे पुसत म्हणाली, "असे साहेब मिळायला भाग्य लागतं." मी म्हटलं, "हो ना, मला तर घरातच मिळाले."

पाकीट मारणाऱ्यानं पाकीट परत दिलं म्हणून त्याला हार घालायचा, असा तो कार्यक्रम होता. आणि पहिल्या रांगेत तू, नवऱ्याकडे अभिमानानं बघत.

आमच्या कामातलं तुला काही कळत नाही असं तू नेहमी म्हणतेस. ते तुझ्या सोयीचंही आहे. तरी एकदा सोपं करून सांगते. आम्ही ज्या जिवाणूवर काम करतो तो एक विष तयार करतो. ते माणसाच्या नसांना गप्प करतं. आधी पापण्या पडतात, मग जीभ, मग घसा, मग छाती. डोकं मात्र लख्ख जागं असतं. माणसाला सगळं ऐकू येतं, सगळं कळतं, फक्त काही करता येत नाही. या विषाशी काम करणाऱ्यांना त्याचीच धार बोथट करून बनवलेली लस देतात. माझ्या रक्तानं त्या लसीला असं काही उत्तर दिलं की सगळे बघतच राहिले. मग त्या रक्तातल्या हजारो पेशी वेगळ्या करून, एकेक तपासून, सगळ्यांत जोरकस अँटिबॉडी, म्हणजे विषाला पकडून निकामी करणारं प्रथिन, बनवणारी पेशी मी शोधून काढली. डोळे गेले माझे त्यात. हा चष्मा शोभेचा नाही.

आणि मग तुझ्या घरचं ते जेवण. भावोजींचे पाहुणे आले होते, शोध जाहीर झाला होता, आणि त्यात माझं नाव कुठेच नव्हतं. मी सरळ विचारलं, सगळ्यांसमोर. ते हसत म्हणाले, "दुधाच्या पिशवीवर कधी म्हशीचं नाव पाहिलंयस का?"

सगळे हसले. तू पाण्याचा जग घेऊन दारात उभी होतीस. तूही हसलीस.

लहानपणी मी पाण्याच्या टाकीत बसले की बाहेर निघायची नाही, म्हणून तू मला म्हैस म्हणायचीस. ते फक्त आपल्या दोघींतलं होतं. आईलासुद्धा माहीत नव्हतं. बाहेर मला कोणी म्हैस म्हणालं असतं तर तू त्याचं डोकं फोडलं असतंस. एकदा फोडलंही होतंस, आठवतंय? मग भावोजींना नेमकी म्हैसच कशी सुचली, ताई? गाय का नाही, शेळी का नाही?

असो. दुसऱ्याच आठवड्यात त्यांनी मला शीतगृहावर टाकलं. "तुझा स्वभाव शिस्तीचा," म्हणाले. गोठवलेल्या बाटल्या मोजायच्या, किल्ली सांभाळायची. मी मूग गिळून बसले, पण किल्ली नीट सांभाळली.

आता त्या घेवड्याचं. बागेतला घेवडा बरण्यांत भरून ठेवायचा त्यांचा छंद तुला ठाऊकच आहे. या जिवाणूची बीजं साध्या उकळीनं मरत नाहीत, कुकरच्या दाबाखालीच मरतात, हे मला कोणी शिकवलं? त्यांनीच. पण कुकरमध्ये घेवडा गिचका होतो आणि साहेबांना तो करकरीत लागतो. बरणीचं झाकण फुगलेलं नाही, वास येत नाही, मग झालं! ज्यांनी आयुष्यभर या विषावर भाषणं दिली त्यांना वाटलं, आपल्या बरणीत ते शिरणार नाही. तुला घेवडा आवडत नाही म्हणून तू वाचलीस.

त्यांनी लस का घेतली नव्हती तेही तुला माहीत आहे, फक्त तू कुणाला सांगणार नाहीस. तेच विष अगदी कणभर टोचून ते कपाळावरच्या आठ्या घालवून घ्यायचे. लस घेतली असती तर ती सुई लागू पडली नसती. आम्हा सगळ्यांना सक्ती, आणि साहेब म्हणायचे, "मी आता खुर्चीवर बसून काम करतो, मला काय गरज?" गुळगुळीत कपाळासाठी माणसानं जीव टांगणीला लावला.

तर, दवाखाना. घोड्याच्या रक्तातून काढलेलं नेहमीचं औषध तिथे होतं, पण त्याचा थेंब कातडीखाली टोचताच त्यांच्या अंगावर गांधी उठल्या. ते देता येईना. मग डॉक्टरांचा फोन शीतगृहात आला. फोन मी उचलला. बाटली मीच घेऊन आले.

तुला बाहेर थांबवलं, कारण पेशंट शुद्धीवर होता आणि परवानगी त्यानंच द्यायची होती. जो नवं औषध घेऊन येईल त्यानंच ते पेशंटला तोंडी समजावून सांगायचं, काहीही गाळायचं नाही, हा नियम भावोजींचा. तोवर त्यांचं सगळं अंग गेलं होतं, श्वासही यंत्रावर चालला होता. डाव्या पायाचा अंगठा तेवढा हलत होता. डॉक्टर म्हणाले, "हो असेल तर अंगठा हलवा." नर्सनं एका बोटानं त्यांची पापणी वर धरली, आणि त्यांनी मला पाहिलं.

बाटली गोठलेली होती. ती गरम पाण्यात घालायची नसते, हलवायची नसते, फेस आला की औषध वाया. मुठीत धरायची आणि वाट बघायची. मी मूठ मिटली आणि बोलायला लागले.

"भावोजी, हे औषध उंदरांवर आणि मोजक्या निरोगी माणसांवरच तपासलंय. जे विष नसांत शिरलं ते हे काढू शकत नाही, रक्तात फिरतंय तेवढंच पकडेल. तुम्हाला हवंय?"

अंगठा हलला.

"हे माझ्या रक्तातून आलंय. पेशंटला हे कळलंच पाहिजे. कळलं?"

हलला.

"ती पेशी कोणी शोधली? तुम्ही?"

अंगठा गप्प.

"मी?"

तरीही गप्प. डॉक्टर हळूच म्हणाले, "बाई, हे विचारायची गरज आहे का?" मी मूठ उघडून दाखवली. "बर्फ अजून आहे."

मग मी वाकले. ते तू काचेतून पाहिलंस. त्यांच्या कानात म्हणाले, "दूध तयार होतंय, भावोजी. म्हशीचं नाव घ्या. तोंड परत आलं की चारचौघांत घ्यायचं, उभं राहून. घेणार?"

अंगठा हलला, ताई. एकदा नाही, थांबेचना. नर्सलाही आश्चर्य वाटलं. तू लिहितेस की तेव्हा ते रडत होते. नाही गं. या आजारात डोळे कोरडे पडतात. ते नर्सनं घातलेले थेंब होते.

पण तुला खरं विचारायचंय ते वेगळंच. अंगठा हलला नसता तर मी काय केलं असतं? तू ते लिहिलं नाहीस, पण त्या बारीक अक्षरात मला ते वाचता आलं.

मी दिलं असतं. बर्फाचा शेवटचा तुकडा विरघळताच बाटली नर्सच्या हातात दिली असती. परवानगी तर अंगठा पहिल्यांदा हलला तेव्हाच मिळाली होती. त्यानंतरचा सगळा वेळ बर्फाचा होता, आणि तो मी वापरला. एका क्षणाचाही उशीर मी केलेला नाही. हवं तर डॉक्टरांना विचार.

हे भावोजींना माहीत नाही. त्यांना वाटतं, नाव घेतलं नसतं तर मी बाटली घेऊन निघून गेले असते. जिवंत, जागे, आणि हाकही मारता येत नाही, अशा अवस्थेत त्यांनी माझी पाठ वळताना बघितली असती, असं त्यांना वाटतं. रोज सकाळी पापणी उचलताना वाटत असेल. मला हेच हवं होतं. सभागृहातलं भाषण, टाळ्या, माझं नाव, ते तर माझंच होतं, मला परत मिळालं. हे मात्र मी कमावलंय आणि मी ते सोडणार नाही. ते मरेपर्यंत नाही.

आता तू म्हणशील, मग मला कशाला सांगितलंस? कारण हे तुझ्याजवळ असायला हवं. रात्री ते दचकून उठतात असं तू लिहिलं आहेस. एका वाक्यानं तू त्यांना शांत झोपवू शकतेस. "अहो, ती म्हणाली, औषध दिलंच असतं." एवढंच. तू ते बोलायचं नाहीस. शेजारी पडून ऐकायचं आणि गप्प बसायचं, जशी मी त्या जेवणानंतर बसले.

आणि बोललीस तर मला कळेल. माझी अँटिबॉडी आणखी कित्येक महिने त्यांच्या रक्तात आहे, आणि ती सुईतलं विषही पकडते. आठ्या घालवायची सोय आता नाही. सभागृहात मी पाहिलं, कपाळावर सगळं स्पष्ट उमटतं. ते निर्धास्त झाले की मला लांबूनही दिसेल.

माझी एक गोष्ट तू त्यांना सांगितलीस. ही सांगू नकोस.

आईनं तुला आशीर्वाद सांगितले आहेत. मी काही सांगत नाही.

त्यांच्या रक्तात असलेली आणि तुझ्या घरी न येणारी,
तुझी
म्हैस