ताईच्या पायातली पट्टी

प्रिय ताई,

सोमवारी तुझ्या शाळेत नववीला रासायनिक बंध सुरू होतोय. तुझ्या जागी आता शबाना शिकवते, तुझीच विद्यार्थिनी. काल तिचा फोन आला, "मामा, बाईंच्या पायातली पट्टी वर्गात दाखवायला मिळंल का?" वर्तमानपत्रात आयुष्य गेलं माझं, मजकूर कधी उशिरा दिला नाही. तिला मात्र उद्यावर टाकलं. म्हणून तुलाच लिहितोय.

राख सावडताना सापडली ती. स्टीलची, काळी-निळी पडलेली, दोन स्क्रू अजून अडकलेले. भूकंपात आई गेली आणि तुझी मांडी मोडली, तेव्हा हाडाला बसवलेली. हातात घट्ट धरता येईल असं तुझं दुसरं काय उरलं होतं गं?

याच पट्टीचा एक्स-रे तू वर्गाच्या खिडकीला लावायचीस. सांगायचीस, हाडात कॅल्शियम आणि फॉस्फेट विरुद्ध प्रभारांनी एकमेकांना धरून असतात. स्टीलमधले काही इलेक्ट्रॉन सगळ्या अणूंचे सामाईक, म्हणून ते वाकतं, पटकन तुटत नाही. मग विरघळणारा टाका दाखवायचीस. त्याच्या धाग्यातले सहसंयुज बंध अंगातलं पाणी हळूहळू तोडतं. पहाटेचा क्लास करून आलेली एखादी पेंगत विचारायची, "मॅडम, हे परीक्षेला येतं का?"

"परीक्षेला न्हाई येत. म्हातारपणी गुडघ्याला येतं!"

केवढ्या हसायच्या पोरी! आणि घरी? भूकंपाच्या त्या पहाटेबद्दल आमच्याशी एक शब्द नाही. एक्स-रेवर बोट ठेवून परक्या लेकरांना पायाचं सांगणं सोपं होतं का? आई शेवटी काय बोलली, ते मलाही ऐकायचं होतं, ताई.

नांदेडला गोदावरीत अस्थी सोडल्या. दाजींनी पट्टी सोडली नाही. शबानाचं सांगितलं, तर केवढे चिडले! "तिचं सगळं आयुष्य नेलं शाळेनं. आता हेबी पायजे?"

समजूत घालायला मी तुझंच वाक्य काढलं. स्टीलची पट्टी हाडाशी बंध करत नाही, स्क्रूनं नुसती धरलेली असते.

"धरलेलं म्हंजी आपलं नसतंय व्हय?" दाजी म्हणाले.

यावर तू काय बोलली असतीस?

आज सकाळी चहा तसाच ठेवून ते आपणहून म्हणाले, "शबानाला सांग, देणार न्हाई. मी घेऊन येतो. मागच्या बाकावर बसतो. पोरींनी हातात घेऊन बघावं, अन् परत माझ्या हातात द्यावं." मग म्हणाले, "तुझ्या ताईनं मला कधी वर्गात नेलंच न्हाई."

का नाही नेलंस गं? एकदा तरी न्यायचं!

सोमवारी मी त्यांना नेतो. तास संपेपर्यंत शेजारी बसेन. शेवटच्या पोरीकडून पट्टी त्यांच्या हातात आली, की तुम्हा दोघांनाही नीट घरी आणीन.

तुझा धाकटा,
अन्या