परांचीचा कागद

गुरुवार, १४ मार्च
संध्याकाळ

प्रिय वहिनी,

नमस्कार, तोही वाकून. मी वाकून नमस्कार केला की तू लगेच विचारतेस, "आता काय करून बसलास?" म्हणून आधी बाकीचं सांगतो. मी बरा आहे, वेळेवर जेवतो. दादाचा पाय कसा आहे? कुबडी घेऊन गॅलरीपर्यंत तरी जातो का, की खुर्चीत बसून तुझ्यावरच मुकादमगिरी चालू आहे? हे पत्र त्याला वाचून दाखवू नकोस. तो मागेल, तरी नको.

मागे लिहिलं होतं ती सभा आज झाली. बांधकामातल्या कोणत्या प्रश्नांवर आधी संशोधन करायचं, हे आमच्या मंडळात ठरायचं होतं. माझं काम खुर्च्या मांडायचं आणि कागद लावायचं. प्राध्यापकाशी भांडून अर्ध्यावर सोडलेल्या इंजिनिअरिंगला एवढंच मिळतं. प्रत्येक विषयाचा एक मोठा कागद. पाहुण्यांच्या हातात चिकटणारे लाल ठिपके, ज्याला जो विषय महत्त्वाचा वाटेल त्याने तिथे लावायचे. लवकर घट्ट होणारं काँक्रीट, भिंतींतली ओल, असे विषय. आणि परांची. ती का कोसळते आणि कोसळू नये म्हणून काय करायचं. गिलावा करताना दादा जिच्यावरून पडला, तीच. कुणीतरी यावर डोकं चालवा रे, म्हणून तो खाटेवरून किती ओरडलाय, ते तुला मी काय सांगू?

जेवणाच्या सुट्टीपर्यंत परांची सगळ्यांच्या पुढे होती. मी स्वतः पाहिलं. सुट्टीनंतर कागद जवळजवळ कोरा!

आता तूच सांग, संशय कुणाचा येईल? एका मोठ्या बिल्डरचा मुलगा आहे, छताखालीसुद्धा डोक्यावर गॉगल. आम्ही त्याला गॉगलच म्हणतो. काँक्रीटच्या विषयामागे तोच. सुट्टीत तो परांचीच्या कागदापाशी घुटमळत होता, एका हातात स्वतःची कॉफी, दुसऱ्या हातात तिची. तिची म्हणजे चष्मेवालीची. ही सभा भरवणारी संशोधक, तीच ती. तिचं नाव आलं की तू दादाकडे बघून हसतेस हे मला इथे बसून कळतं, म्हणून लिहीत नाही. तिने कॉफी घेतली. वर हसलीसुद्धा. मी म्हटलं, हे दोघे मिळालेले आहेत.

माझं डोकं तुला ठाऊक आहे. भर सभेत ओरडलो, "मतं चोरली! कोणी चोरली तेही मला माहीत आहे!" आणि बोट दाखवलं. दाखवायचं होतं गॉगलकडे, पण ती त्याला खेटूनच उभी होती.

गॉगल म्हणाला, "घे, तपास खिसे. खोकल्याच्या गोळ्या सापडतील. तुलाच लागतील आता, एवढा ओरडतोयस."

सगळे हसले. ती हसली नाही. खाली बसली आणि परांचीच्या कागदाशेजारच्या तिच्या नोंदणीच्या टेबलावरून लोंबणारं कापड वर केलं. ठिपके तिथे पडले होते. मग तिने कागदामागे हात घातला आणि तळवा मला दाखवला. ओला. सभेसाठी घाईघाईने गिलावा करून रंगवलेली भिंत, वहिनी, आणि तीही बांधकाम सुधारायला जमलेल्यांच्याच सभागृहात! कागद दमट झाला आणि डिंकाने जीव सोडला. भिंतींतल्या ओलीला मात्र दिवसभरात कुणी एक ठिपका दिला नव्हता.

मला वाटलं, झालं, आता मोजा आणि मोकळे व्हा. पण मंडळाच्या अध्यक्षांचे डोळे बारीक झाले. "बाकीचे कागद फळ्यांवर, मग हा एकटाच भिंतीवर कसा? तोही नोंदणीच्या टेबलाशेजारी, येणाऱ्याच्या नाकासमोर? बाई, हा विषय तुमच्या फार आवडीचा दिसतो."

"मी नाही लावला तिथे."

"मग कोणी लावला?"

उद्या सकाळी समिती बसणार आहे. कागद कोणी हलवला हे कळलं तर पुन्हा मतदान. नाही कळलं तर परांची बाद, आणि चष्मेवालीची चौकशी.

दिवसभर मी सगळ्यांवर डोळा ठेवला होता. गॉगलवर, अध्यक्षांवर, तिच्यावर. एकच माणूस सुटला.

परांचीसाठी फळ्यावर जागा होती, वहिनी. मागच्या बाजूला, चांगली कोरडी. पण मला सारखं त्या कागदापाशी जाऊन बघायचंच होतं, तर तो तिच्या टेबलाजवळ असलेला काय वाईट, असं वाटलं. दादासाठी पुढे आणला, असं दुपारपासून स्वतःला सांगतोय. तेव्हा दादा मनात नव्हता.

निघताना ती दारात थांबली. "कागद सगळे तूच लावतोस ना रे?"

"हो, पण..."

तिने वाट पाहिली. मग ती गेली. तिला कळलंय का? कळलं असेल तर अध्यक्षांना का नाही सांगितलं? बघ, अजून मला तिचाच संशय येतो.

उद्या मी समितीपुढे उभा राहणार आहे. का हलवला, असं विचारतील आणि ती समोर बसलेली असेल. भावाच्या पायासाठी, असं म्हटलं तर सगळे विरघळतील, माझी नोकरीही वाचेल. ते फार सोपं आहे, म्हणून खरं काय ते तुला आज लिहून टाकलं. हे पत्र आत्ताच पेटीत टाकून येतो. उद्या खोटं बोललो, तर निदान एका माणसाला ते कळलेलं असेल.

दादाला जप. आणि पुढच्या पत्रात मी काहीही लिहिलं, तरी संशय आधी माझाच घे.

तुझा,
धाकटा दीर